बुबुळाबरोबर फिरणारा उजेड

वहिनीचा फोन आला तेव्हा धाकटी एका निवृत्त पोस्टमास्तरांकडून तक्त्यावरची खालून दुसरी ओळ वाचून घेत होती, आणि ती ओळ ते पाठ करून आले आहेत हे एव्हाना तिच्या लक्षात आले होते. रुग्णालयाच्या नेत्रविभागात अठरा वर्षे डोळे तपासल्यावर, समोरचा माणूस अक्षर बघून सांगतो आहे की आठवून, हे तिला त्याच्या भुवयांवरून कळत असे. तिने तक्ता बदलला, पोस्टमास्तर ओशाळले, आणि तेवढ्या अवधीत तिने फोन कानाला लावला.

वहिनी कामाच्या वेळी फोन करणाऱ्यांपैकी नव्हती. त्यामुळे तिने कपाची हकिगत सुरू केली तेव्हा धाकटी जरा गोंधळली. सकाळी दादाने चहाचा कप टेबलावर ठेवला, म्हणजे ठेवला असे त्याला वाटले. प्रत्यक्षात कप टेबलाच्या कडेबाहेर हवेत ठेवला गेला आणि फुटला. काल जिन्याची शेवटची पायरी त्याला सापडली नाही. परवा न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पायाचा अंगठा ठेचला. वहिनीचे निदान तयार होते. गेला महिनाभर भुवयांच्या मध्ये लक्ष लावून बसता बसता नवऱ्याचे या जगावरचे लक्ष उडत चालले आहे, असे तिचे म्हणणे होते.

"देवाधर्माला मी नाही म्हणत नाही, वन्सं," ती म्हणाली, "पण कप तरी टेबलावर ठेवावा ना माणसानं."

एरवी धाकटी यावर मनापासून हसली असती. आज तिने विचारले, तिन्ही वेळा डावीकडे का? वहिनीने मोजून पाहिले. कप डावीकडचा, उंबऱ्यावर डावा अंगठा, पायरीवरून तोल गेला तोही डाव्या अंगाला. हो म्हणाली. मग तिला आणखी एक आठवले: हल्ली तो मान खाली घालून, जरा तिरकी करून बघतो, जणू चष्म्याच्या काचेवर खालच्या कोपऱ्यात काहीतरी चिकटले आहे.



दादा घड्याळजी होता. मनगटी घड्याळांची सूक्ष्म कामे करणारे शहरात तिघे उरले होते, त्यांतला एक. उजव्या डोळ्याला उणे अकराचा नंबर; डावा डोळा लहानपणापासून आळशी, तक्त्यावरचे सर्वांत वरचे एकुलते एक मोठे अक्षर तेवढे ओळखणारा. दादाच्या बाबतीत 'दोन डोळे' हा शब्दप्रयोग केवळ सौजन्यापोटी केला जाई. जे काही होते ते उजव्यावर होते: दुकान, घर, आणि बोटांत धरलेला केसापेक्षा बारीक स्क्रू.

आणि तेवीस दिवसांपूर्वी, एका गुरुवारी, जेवणाच्या टेबलावर, दादाने तिला स्वतःहून सांगितले होते की ध्यानाच्या बैठकीला बसले की त्याला उजेड दिसू लागला आहे. क्षणभर चमकतो आणि जातो, विजेसारखा. त्यावर धाकटीने घास तोंडात असतानाच म्हटले होते, "तिसरा उघडला की ये माझ्याकडे, नंबर काढून देते. तीन काचांचा चष्मा करू." सगळे हसले. दादाही हसला, आणि तो विषय त्याने पुन्हा काढला नाही. तो विनोद तिला इतका आवडला होता की दुसऱ्या दिवशी तिने तो विभागातल्या परिचारिकेलाही ऐकवला.

प्रत्येक रुग्णाला ती एक प्रश्न विचारत असे. दिवसातून तीसेक वेळा, तोंडपाठ, न चुकता: डोळ्यांसमोर चमक दिसते का, काळे ठिपके तरंगताना दिसतात का, कुठून सावली आल्यासारखी वाटते का. तीस अनोळखी माणसांना विचारलेला प्रश्न तिने सख्ख्या भावाला विचारला नव्हता. तोही अशा वेळी की भावाने उत्तर आधीच दिले होते. 'उजेड' हा शब्द त्याच्या तोंडून येताच तो अध्यात्माच्या खात्यातला समजून तिने कानाआड केला होता.

तिने पोस्टमास्तरांना थांबायला सांगितले आणि ती दृष्टिपटलाच्या शल्यचिकित्सकांच्या खोलीकडे गेली. विभागात त्यांना सगळे 'पडदेवाले' म्हणत. त्यांना ते ठाऊक होते आणि त्यांची हरकत नव्हती. त्यांनी तिचे बोलणे मध्ये न तोडता ऐकले. भिंतीला ओल धरली की रंगाचा पोपडा सुटतो, तसा डोळ्यातला पडदा सुटत असावा, हे दोघांनाही सांगायची गरज नव्हती. चमक म्हणजे पडदा ओढला जातो आहे. ठिपके म्हणजे तो फाटला आहे. सावली म्हणजे फटीतून पाणी मागे शिरून तो सुटत चालला आहे. प्रश्न एकच होता: मधला भाग अजून चिकटलेला आहे का. असेल, तर डोळा वाचतो. एकदा तो सुटला की पुन्हा चिकटवता येतो, पण मग तो स्क्रू बघणारा डोळा राहत नाही.

"खालून सावली असेल तर फाटलंय वरच्या बाजूला. वरून सुटलेलं झपाट्यानं खाली येतं," पडदेवाले म्हणाले. "अडीचपर्यंत आणा. उद्यापासून तीन दिवस थिएटर बंद आहे."

एकाला दहा मिनिटे होती. वहिनीला तिने थेट रुग्णालयात यायला सांगितले, कागदपत्रे भरायला. दादा कुठे आहे हे विचारायची गरजच नव्हती. शनिवारी दिवसभराची बैठक असे, दहा ते सहा, आणि फोन बंद.

बैठकीची जागा एका पुस्तकबांधणीच्या कारखान्याच्या वर होती, तिसऱ्या मजल्यावर. जिन्यात सरसाचा वास कोंडलेला होता. वरच्या व्हरांड्यात बारा जोड चपला-बूट आणि एका स्टुलावर बारा वह्या, एकावर एक रचलेल्या. बैठक घेणाऱ्या गृहस्थांना सगळे 'सर' म्हणत, कारण ते खरोखरच सर होते. छत्तीस वर्षे शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेले. महिनाभर धाकटीने मनातल्या मनात त्यांना दाढी, माळ आणि लबाड डोळे बहाल केले होते. समोर आला तो अर्ध्या बाह्यांच्या शर्टातला, खिशाला पेन लावलेला, किडकिडीत माणूस. त्याने बोट ओठांवर ठेवले. एक वाजून चौदा मिनिटे झाली होती.

भावाला आत्ताच्या आत्ता बाहेर न्यायचे आहे, असे तिने दबक्या आवाजात सांगितले. सर म्हणाले, घंटा एक चाळीसला होईल. तिने दोन वाक्यांत पडदा, पाणी आणि अडीच वाजता सुरू होणारी शस्त्रक्रिया समजावली. सरांनी नीट ऐकले, आणि हीच अडचण होती. ती भांडणाच्या तयारीने आली होती.

"आत्ता हाक मारली आणि तो दचकून उठला, तर त्या पडद्याचं काय होईल?" त्यांनी विचारले.

प्रश्न नेमका होता. दचकणे चांगले नाही, एवढेच ती म्हणू शकली.

"आत तो जितका स्थिर बसलाय, तितका तुमच्या खाटेवर बसेल?"

"पडदा घंटा ऐकून सुटत नाही, सर."

सरांनी मान डोलावली, जणू विद्यार्थ्याने बरोबर पण अपुरे उत्तर दिले आहे. नियम त्यांनी थोडक्यात सांगितले. चाळीस दिवसांचा क्रम. कोणाला काय दिसले, काय वाटले, ते कोणालाही सांगायचे नाही, सरांनाही नाही. फक्त वहीत लिहायचे आणि वही एकेचाळिसाव्या दिवशी द्यायची, कारण सांगितले की माणूस सांगण्यासाठी बघू लागतो. तिने वह्यांकडे हात केला. सर मध्ये आले. "त्या मीही वाचलेल्या नाहीत," ते म्हणाले. मात्र आत जाऊन भावाशेजारी बसायला त्यांची हरकत नव्हती. घंटा झाली की पहिला शब्द तिचा.

धाकटी आत गेली. सरळ जाऊन खांद्याला धरून उठवावे, हा विचार तिच्या मनात आला नाही असे नाही. पण दादाला ती पंचेचाळीस वर्षे ओळखत होती. त्याचा हट्ट गंजलेल्या स्क्रूसारखा होता: जोर लावावा तर स्क्रूचे डोके झिजते आणि स्क्रू जागच्या जागी. बारा माणसांसमोर ओढून उठवले असते तर तो जिना उतरला असता आणि खालून सरळ दुकानात गेला असता. पुढे वर्षभर त्याने तिला तोंडसुद्धा दाखवले नसते.

म्हणून ती खाली बसली. तेवीस मिनिटे उरली होती.

दादा ताठ बसला होता. हात मांडीवर, श्वास इतका संथ की शर्टाची घडी हलत नव्हती. चष्मा समोर जरा डावीकडे जमिनीवर काढून ठेवलेला. पण मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळे वर आणि नाकाकडे वळलेली होती, भुवयांच्या मधल्या त्या जागेकडे, आणि मधूनच ती झटकन हलत. ते एवढेसे हलणे ती बघत राहिली. प्रत्येक झटक्याबरोबर आत पाणी हिंदकळत असणार आणि सुटलेली कड थोडी आणखी सुटत असणार. किती, ते तिला मोजता येत नव्हते. मोजता न येणारी गोष्ट नुसती बघत बसण्याची तिला सवय नव्हती. तिने हाताची बोटे एकमेकांत अडकवून ठेवली, कारण ती मोकळी राहिली असती तर आपोआप त्याच्या दंडाकडे गेली असती.

खोलीत आवाज नव्हता. खालून कागद कापण्याच्या यंत्राची कधीतरी एक धप्प. अशा शांततेत माणसाला स्वतःचे बोलणे ऐकू येते, असे तिने कुठेतरी वाचले होते आणि सोडून दिले होते. आता तिला स्वतःचा आवाज ऐकू आला, जेवणाच्या टेबलावरचा. वाक्य तेच, पण त्यातला ऐटबाजपणा तिने पहिल्यांदाच ऐकला. आणि त्यानंतरचे दादाचे हसणे. ते हसणे अर्धा क्षण उशिरा आले होते. त्या वेळी तिच्या लक्षात आले नव्हते. की आले होते, आणि तिने ते सोडून दिले होते? याला ध्यान म्हणावे असे काही नव्हते. नुसती पळायला जागा नव्हती.

घंटा झाली. दादाने डोळे उघडले, चष्म्यासाठी डावीकडे हात नेला आणि तो दोन बोटे चुकला. धाकटीने चष्मा उचलून त्याच्या हातात दिला.

"शंके, तू?" तो म्हणाला. वडिलांनी लहानपणी तिला ठेवलेले 'शंकासूर' हे नाव दादाने लाडाने आखूड केले होते. आज त्यात लाड नव्हता. "कपाची तक्रार एवढ्या लांब पोचली वाटतं."

ती त्याला व्हरांड्यात घेऊन आली. डावा डोळा झाकून माझ्या नाकाकडे बघ म्हणाली. त्याने नकार दिला. नऊ दिवस राहिले आहेत, ते झाले की हवे ते तपास, असे त्याचे म्हणणे होते. उजेडाच्या आधी अंधार येईल, घाबरून उठू नका, असे सरांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. तो घाबरून उठणार नव्हता.

"तुझ्याकडे नऊ दिवस नाहीत, दादा. पन्नास मिनिटं आहेत."

"हे तुझं मत."

मत नव्हे, हे सांगण्यासाठी तिने तोंड उघडले आणि मिटले. वीस वर्षे ती त्याला हेच सांगत आली होती, आणि त्याचा परिणाम समोर उभा होता. ती वेगळ्या बाजूने शिरली.

"तिसरा डोळा नसतो असं मी आज म्हणत नाही. एवढंच म्हणते, की तो असलाच तर त्याला बुबुळ नाही. डोळे मीट आणि बुबुळ डावीकडून उजवीकडे फिरव. उजेड त्याच्याबरोबर फिरला, तर तो बुबुळाचा. जागच्या जागी राहिला, तर मी इथून निघून जाते."

दादाने डोळे मिटले नाहीत. तो कठड्याकडे बघत राहिला.

"फिरतो," तो म्हणाला.

"करून तरी बघ."

"बघितलंय. अकराव्या दिवशी. वहीत लिहिलंय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कोणाला सांगू? सरांना चाळीस दिवस सांगायचं नाही. घरी सांगितलं तर हिला झोप लागणार नाही." त्याचा आवाज चढला नव्हता, खराब घड्याळाचे दुखणे गिऱ्हाइकाला समजावून सांगावे तसा तो बोलत होता. "उरलीस तू. तुला आठव्या दिवशीच सांगितलं होतं."

सर दारात उभे होते. ते स्टुलाजवळ गेले, रचलेल्या वह्यांतून त्यांनी एक ओढून काढली आणि दादाच्या हातात दिली. धाकटीच्या नव्हे. दादाने ती उघडली, पान डोळ्यांजवळ नेले, मान खाली घातली, तिरकी केली. खालच्या ओळी त्याला दिसत नाहीत हे त्याच्यासह तिघांनाही एकाच वेळी कळले. त्याने वही तिच्याकडे दिली.

बारीक, सुटे, एका उंचीचे अक्षर. आठवा दिवस: उजेड, अगदी उजव्या टोकाला, कोयरीच्या कडेसारखा वळलेला. अकरावा: डोळा वळवला की येतो, स्थिर ठेवला की नाही, म्हणजे भ्रूमध्यातला नव्हे. सतरावा: काजळीसारखे कण, डोळा थांबला तरी ते तरंगत राहतात. एकोणतिसावा: खालून सावली, सात ते आठ. तिसावा: सात ते नऊ, टोक मध्याकडे. आज सकाळचा, एकतिसावा: साडेसहा ते नऊ, मध्यापासून चार बोटे.

सात, आठ, नऊ म्हणजे तबकडीवरची ठिकाणे. घड्याळजी दुसऱ्या कशाने दिशा सांगणार? नेत्रविभागातही पडद्याची फाट तशीच लिहितात, तबकडीच्या आकड्यांत. अठरा वर्षांत इतकी चोख नोंद तिच्या हाती एकाही रुग्णाने दिली नव्हती. सगळे बरोबर पाहिले होते. निष्कर्षही बरोबर होता.

"मग बसत का राहिलास?"

दादाने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. "बसलं की बाकीचं शांत होतं, ते खरं आहे. आणि..." तो थांबला. "इतक्या दिवसांनी काहीतरी आलं होतं. ते आपलंच असावं, असं वाटतं गं माणसाला."

"अंधार येईल हे मी आतल्याबद्दल म्हटलं होतं," सर म्हणाले. मग स्वतःशीच असमाधानी झाल्यासारखे म्हणाले, "हे त्या दिवशीच स्पष्ट करायला हवं होतं. व्याख्या अपुरी राहिली. उठा, तुमची बैठक झाली."

"चाळीस?"

"आकडा मी ठरवलेला आहे. मी बदलतो."

तेव्हा कुठे दादा घाबरला. महिनाभर न आलेली भीती एकदम आली आणि ती त्याच्या हातांत दिसली. ज्या बोटांनी केसाएवढी स्प्रिंग बसवली जाई त्या बोटांना बुटाची नाडी सापडेना. सर खाली वाकले आणि त्यांनी ती बांधली.

"जाईल का गं डोळा?" जिना उतरताना त्याने विचारले.

नाही म्हणणे सोपे होते. "माहीत नाही," धाकटी म्हणाली. "आत्ता पोचलो तर शक्यता कमी."

टॅक्सीत तिने त्याला मागच्या आसनावर उताणे झोपवले, डोके स्वतःच्या मांडीवर घेतले आणि दोन्ही हातांनी धरून ठेवले. चालकाला तिने सांगितले की लवकर पोचायचे आहे आणि एकही हिसका बसता कामा नये. "ताई, दोन्ही एकदम नाही होत," तो म्हणाला, आणि मग ते जवळजवळ करून दाखवले. गतिरोधक आला की गाडी बाळाला पाळण्यात ठेवावे तशी उतरवायचा आणि पुढच्या मोकळ्या पट्ट्यात हॉर्नवर हात ठेवून निघायचा. एका सिग्नलला मात्र ते अडकले. समोर मालमोटार आडवी, मागे रांग, एकशे दहा सेकंदांचा आकडा उलटा सरकत होता.

"आता किती?" तिने विचारले.

दादाने डावा डोळा तळहाताने झाकला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघितले. "तुझी हनुवटी नाही. ओठ आहेत. खालचा अर्धा."

सकाळी चार बोटे होती. तिने हिशेब केला नाही. सिग्नल सुटला.

दोन वाजून बावीस मिनिटांनी पडदेवाल्यांनी डोक्याला दिवा बांधला आणि ते दादाच्या डोळ्यावर वाकले. वहिनी कागदांची चळत घेऊन पायाशी उभी होती. पापणी उघडी धरायला परिचारिका होती. तीच, जिला तीन काचांच्या चष्म्याचा विनोद ऐकवला होता. वर बघा. उजवीकडे. खाली. पुन्हा वर.

"मध्य अजून लागलेला आहे," पडदेवाले शेवटी म्हणाले. "जेमतेम. एक कड उचललीय की काय, अशी शंका आहे." दिवा न काढता त्यांनी विचारले, "पहिली चमक कधी दिसली?"

प्रश्न औपचारिक नव्हता. जुने सुटलेले पडदे आतून आक्रसतात. किती दिवसांचे आहे त्यावर कुठले शस्त्र, कुठला वायू, किती टाके हे ठरते. वहिनी म्हणाली, तीन दिवस झाले, धडपडतायत. दादा काहीच बोलला नाही. तो का बोलत नाही हे धाकटीला कळले. वही तिच्या पिशवीत होती, आणि आकडा तिथे लिहिलेलाच होता; आठवा दिवस अमुक तारखेचा, एवढे सांगून भागले असते. कोणाला सांगितले आणि त्यावर काय उत्तर मिळाले, हे वहीत लिहिलेले नव्हते.

"तेवीस दिवस," ती म्हणाली. "त्यानं तेव्हाच मला सांगितलं होतं. मी चेष्टा केली."

परिचारिकेचा हात पापणीवर तसाच राहिला. वहिनीने कागदांवरून मान वर केली आणि तिच्याकडे बघितले. कप, पायरी आणि उंबरा तिने मनातल्या मनात पुन्हा एकदा मांडला असावा, आणि या वेळी त्याचे उत्तर वेगळे आले असावे.

"तेवीस," पडदेवाल्यांनी लिहून घेतले. "मग वायू जास्त दिवस टिकणारा घेऊ. चला."

शस्त्रक्रियेला दोन तास लागले. फाट जाळून चिकटवली, डोळ्यात वायूचा फुगा भरला, पट्टी बांधली. पुढचे दहा दिवस डोके सांगितलेल्या कोनात धरून ठेवायचे होते, पन्नास मिनिटे तसे, दहा मिनिटे मोकळे. ही शिक्षा भल्याभल्यांना झेपत नाही. दुसऱ्या दिवशीच मान दुखते म्हणून लोक रडकुंडीला येतात. दादाने ती अशी पाळली की पडदेवाल्यांनी फेरीवर आलेल्या शिकाऊ डॉक्टरांना मुद्दाम त्याच्या खाटेशी थांबवले. सर तिसऱ्या दिवशी येऊन गेले. त्यांनी चाळीस दिवसांच्या नियमाला एक पोटनियम जोडला होता: शरीराला काही झाले तर ते अनुभवात धरायचे नाही, त्याच दिवशी सांगायचे. तो कागदावर लिहून, खाली सही करून, त्यांनी धाकटीला दाखवला. तिला त्यात दुरुस्ती सुचवता आली नाही.

वहिनी तिच्याशी भांडली नाही. भांडली असती तर बरे झाले असते. डबा पोचवायची, वन्सं म्हणायची, औषधांच्या वेळा विचारायची, आणि बोलता बोलता दुसरीकडे बघायची.

वायू जसा विरतो तशी डोळ्यात एक रेघ दिसते, पेल्यातल्या पाण्याच्या पातळीसारखी, आणि ती रोज थोडी खाली उतरते. रेघेच्या वर जग, खाली हलता धूर. घरी गेल्यावर दादा रोज सकाळी आठला फोन करून पातळी कळवायचा. अशा ओळीने चव्वेचाळीस सकाळी गेल्यावर त्याने सांगितले की रेघ मध्याखाली गेली; आणि पुढे काही न बोलता फोन ठेवला. धाकटीने रजा टाकली आणि ती त्याच्या घरी गेली.

तो खिडकीसमोर उभा होता, डाव्या डोळ्यावर तळहात. तिच्याकडे न वळता म्हणाला, "मधल्या गजाला बाक आहे."

"किती?"

"फार नाही. नाकाच्या बाजूला, मध्याला लागूनच."

म्हणजे ती कड उचलली होती. पाच तास आधी, पाच दिवस आधी, तेवीस दिवस आधी. केव्हा आले असते तर हा बाक आला नसता, हे आता कोणतेही यंत्र सांगू शकत नव्हते. तो कालांतराने थोडा कमी होतो, पूर्ण जातोच असे नाही, एवढे तिला माहीत होते आणि तेवढेच तिने सांगितले. दादाने ऐकून घेतले. बारीक स्प्रिंगची कामे आता दुसऱ्या घड्याळजीकडे पाठवावी लागतील, म्हणाला. भिंतीवरची आणि टेबलावरची घड्याळे जमतील. ते सांगताना त्याचा आवाज एकदाच अडकला, 'दुसऱ्या'पाशी.

"गज सरळ आहे हे मला माहीत आहे," थोड्या वेळाने तो म्हणाला. "आणि दिसतोय वाकडा. दोन्ही एकदम कळतंय. गंमत आहे."

धाकटीच्या तोंडाशी काहीतरी विनोदी आले. तिने ते येऊ दिले नाही.

"कशी गंमत?" तिने विचारले आणि खुर्ची ओढून बसली.

त्याला सांगायला वेळ लागला. शब्द सापडेनात, सापडले ते पटेनात, दोनदा त्याने सुरुवात केली आणि सोडून दिली. ती थांबली. मग तिने पिशवीतून चौकटींचा कागद काढला, मध्ये एक टिंब असलेला, विभागात देतात तसा, आणि पेन्सिलीसह त्याच्यासमोर ठेवला. टिंबाकडे बघत राहायचे आणि भोवतालच्या रेघा जशा दिसतील तशा काढायच्या. जशा असायला हव्यात तशा नव्हे.

दादा टेबलाशी बसला. त्याने डावा डोळा झाकला, बराच वेळ कागदाकडे नुसते बघितले, आणि मग पेन्सिल टेकवून, सावकाश, एकदाही न खोडता, वाकडी रेघ वाकडी काढली.